बाहेरची कडी

मेघसरमध्ये घराचं रूप तुम्ही निवडायचं आणि नकाशा कंपनीने, असा नियम होता. नवरीला शालूचा रंग विचारायचा आणि नवरा परस्पर ठरवून टाकायचा, त्यातलाच हा प्रकार. पण २०५८ साली तो कुणाला खटकत नव्हता. डोंगरांच्या कुशीत बांधून काढलेलं तळं, तळ्याभोवती तीनशे टुमदार बंगले, होड्या, फुलझाडं, गरम पाण्याची कुंडं. निवृत्त माणसं इथे जागा मिळावी म्हणून चार-चार वर्षं थांबत. निवडीच्या दिवशी जोडपी ठेवणीतले कपडे घालून यायची, डोळ्यांवर आभासी दृश्यांचे चष्मे चढवून कोकणी कौलारू, गोव्याकडची, राजस्थानी झरोक्यांची अशी न बांधलेली घरं हिंडून यायची, ओसरीचे खांब गोल की चौकोनी यावरून भांडायची आणि खूश होऊन परत जायची. आत खोल्या कशा, दारं कुठे, जिना आहे की नाही, हे कुणी विचारत नसे. ते 'पदलेख' ठरवत असे.

पदलेख म्हणजे तुमच्या चालण्याची नोंद. अर्ज केल्यावर कंपनी चपलेत घालायला एक पातळ तळी पाठवायची आणि ती नव्वद दिवस वापरावी लागायची. पाऊल किती लांब पडतं, दोन पावलांमध्ये किती वेळ जातो, वळताना माणूस किती अडखळतो, बोलता-बोलता चालताना वेग किती घटतो, हे सगळं ती टिपायची. माणसाचा मेंदू थकू लागला की त्याची पहिली चाहूल जिभेला किंवा स्मरणशक्तीला लागत नाही, पायांना लागते, आणि तीही दहा-पंधरा वर्षं आधी. लाखो लोकांच्या पावलांशी तुमची पावलं ताडून पाहिली की तुमची पुढची वीस वर्षं कशी जातील ते कळतं, असं हे शास्त्र. मग त्या वीस वर्षांना शोभेल असं घर बांधायचं. ऐकायला किती छान वाटतं.

नाशिकच्या वृषाली नाईकनवरे यांनाही ते छानच वाटलं होतं. त्या सत्तर वर्षांच्या, त्यांचे यजमान जयवंतराव त्र्याहत्तर. जयवंतरावांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. वृषालीताईंनी पस्तीस वर्षं सरकारी खात्यात आरेखक म्हणून इमारतींचे नकाशे काढले आणि साहेब म्हणवणाऱ्यांच्या चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या घरातून एकदाचं मोकळ्या हवेत राहायला जायचं, एवढीच दोघांची इच्छा होती.

निवडीच्या दिवशी ते सकाळी लवकर पोचले आणि चहाच्या टपरीवर त्यांना अवंतिकाबाई दळवी भेटल्या. वय एकोणऐंशी, पण बाई समोरच्या बंगल्याचा जिना मुलीसारख्या उतरून आल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच आपली कथा सांगितली. सात वर्षांपूर्वी त्यांना मिळालेल्या घराचं दार निघालं दक्षिणेला. वास्तुशास्त्राच्या बाबतीत अवंतिकाबाई पक्क्या. दक्षिणेच्या दारातून यम येतो, मी पाऊल टाकणार नाही, म्हणून त्या अडून बसल्या. समोरचे सामंत वैमानिक होते, असल्या गोष्टींवर हसणारे; शिवाय बाईंचं घर तळ्याला जवळ. दोघांनी आपसात घरं बदलून घेतली. तेव्हा कंपनीच्या करारात त्याला मनाई नव्हती. बाईंच्या मूळ घरात जिना नव्हता, या घरात आहे, पण म्हटलं असू दे, असं त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की सामंतांना आता काही उमजत नाही, घरातल्याघरात वाट चुकतात. यम शेवटी दक्षिणेच्या दारातूनच आला, असं बाईंचं मत होतं. जयवंतराव यावर मनापासून हसले.

निवडकक्षात जयवंतरावांनी पाच मिनिटांत कौलारू घर पसंत केलं. ओसरीवर झोपाळा असला की त्यांना बाकी काही नको होतं. वृषालीताईंनी मात्र चष्मा काढून ठेवला आणि नकाशा कागदावर मागितला. तिथल्या अधिकारी बाईंना हे नवीन होतं. कागदावर कुणी मागत नाही, म्हणाल्या. मी मागते आहे, असं ताईंनी सांगितल्यावर त्यांनी तो आणून दिला.

ज्याने जन्म नकाशांत काढला त्याला नकाशात घर दिसतं, घरातली माणसंही दिसतात. न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर दाराला अडकू नये म्हणून असं करतात. वयाला धरून आहे, ताईंनी मान डोलावली. सगळी दारं साडेतीन फूट रुंद, म्हणजे चाकांच्या खुर्चीची सोय. तीही एक वेळ समजून घेऊ. पण गॅसची कळ ओट्यापाशी नसून ताईंच्या झोपायच्या खोलीत, कुलुपाच्या पेटीत होती. आणि पूर्वेच्या खोलीवर 'श्री. जयवंत' असं लिहिलेलं होतं, तिच्या खिडकीला गज होते आणि दाराला कडी होती ती बाहेरून.

ताईंना प्रथम रागच आला, पण तो कारागिराचा राग होता. त्यांनी पर्समधून तांबडी पेन्सिल काढली, कडीभोवती गोल केला आणि समासात 'चूक, आतून हवी' असं लिहिलं. अधिकारी बाईंनी तो गोल पाहिला, चेहरा शक्य तितका गोड केला आणि ही चूक नाही म्हणून सांगितलं. नकाशात चूक होत नाही, तो पदलेखावरून निघतो.

वृषालीताईंनी ओसरीच्या नमुन्याकडे पाहिलं. जयवंतराव झोपाळ्यावर बसून पायाने हलका झोका घेत होते.

डॉ. ओवी रणदिवे या पदलेखाच्या प्रमुख. वय अडतीस, शांत, हुशार, आणि खरं सांगायचं तर वाईट बाई नव्हे. ताई त्यांच्या खोलीत न विचारता शिरल्या आणि नकाशा टेबलावर आपटला. ओवीने आधी पाणी मागवलं. मग त्यांना काकू म्हणून समजावायला सुरुवात केली, तेव्हा मला काकू म्हणू नका, मी आरेखक आहे, असं ताईंनी बजावलं. माझ्या नवऱ्याला काय होणार आहे, एवढं सांगा, म्हणाल्या.

ते मात्र ओवीला सांगता येत नव्हतं. होऊ घातलेल्या आजाराचं भाकीत उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज कुणी सांगू नये, असा कायदा झाला होता. माणसं भाकीत ऐकून खचतात, म्हणून. कंपनी भाकीत सांगत नव्हती. ती फक्त घर बांधत होती.

"म्हणजे जे तोंडाने सांगायची बंदी आहे, ते तुम्ही विटांनी सांगता," वृषालीताई म्हणाल्या. "आणि ऐकणाऱ्याला नकाशा वाचता येत नाही, यावर तुमचा धंदा चालतो."

ओवी रागावली नाही. कंपनीचा हेतू सोयीचा आहे, हे ती कळवळून सांगत राहिली. वेळ आल्यावर भिंती फोडून दारं रुंद करण्यापेक्षा आधीच केलेली बरी. भ्रमिष्ट माणूस पहाटे तळ्याकडे चालत गेला तर? आणि हे अंदाजपंचे नव्हे. शंभरांतल्या चौऱ्याण्णव जणांच्या बाबतीत नकाशाने सुचवलं तेच घडलं, आणि तेही पदलेखाने काढलेल्या वर्षाच्या आसपास.

चौऱ्याण्णव हा आकडा ऐकून माणूस गप्प बसतो. पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्याचे नकाशे तपासले, त्यांना एक सवय असते: कागदावर काय आहे हे पाहून झालं की काय नाही ते पाहायचं. त्यांनी विचारलं की या चौऱ्याण्णव जणांपैकी किती जण इथेच, तुम्ही बांधलेल्या घरांत राहत होते? सगळेच, ओवी म्हणाली. बरं, मग नकाशाने एक सांगितलं आणि राहायला मुद्दाम दुसरंच घर दिलं, अशी किती माणसं?

असं कुणाला दिलेलं नाही, असं उत्तर आलं.

"दिलंय," वृषालीताई म्हणाल्या. "दळवीबाई आणि सामंत. बाई आज सकाळी जिना उतरून आल्या. त्यांच्या मूळ घरात कडी कुठल्या बाजूला होती, डॉक्टर?"

बाहेरच्या, असं ओवीने मान्य केलं. नंतर तिने सांगितलं की ती दोन घरं अभ्यासातून वगळली आहेत. अदलाबदल हा दोष धरला गेला, आणि पुढच्या करारांत तिला बंदी घातली गेली. शिवाय दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. सामंतांना ते घर नसतं तरी तसंच झालं असतं, असंही असू शकेल.

हे अगदी खरं होतं. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण तीनशे माणसांना जिना काढून घ्यायचा, चूल काढून घ्यायची, खिडकीला गज लावायचे, मग ती गुडघ्यांतून आणि डोक्यातून खचली की आमचं गणित बरोबर आलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची, यावरूनही काही सिद्ध होत नाही. कोंबडं टोपलीखाली झाकायचं आणि हे आता आरवत नाही म्हणून तक्रार करायची, तसली ही विद्या. वृषालीताईंनी हे सगळं तिला ऐकवलं. तिच्या खोलीच्या काचा हलतील अशा आवाजात ऐकवलं.

"मग काय करू?" ओवीने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जो माणूस पडणार असं मला दिसतंय, त्याला मी जिना देऊ? आणि तो पडला, तर तुम्हीच माझ्याकडे याल ना?"

या प्रश्नाने वृषालीताईंचा संताप आणखी वाढला. त्यांनी नकाशाची घडी केली, घर नको म्हणून लिहून दिलं आणि नवऱ्याला झोपाळ्यावरून उठवलं. आपल्याला आवडणार नाही इथे, पाणी साचलेलं आहे, डास होतील, असं काहीतरी सांगितलं. परतीच्या गाडीत जयवंतरावांनी नकाशा पाहायला मागितला. जन्मभर नकाशे वाचायला शिकवणारा माणूस, तो काय कागद उलटा-सुलटा करणार आहे? त्यांनी तांबड्या गोलावर बोट ठेवून विचारलं की ही कडी कुणासाठी. त्यांची चूक आहे, लिहिलंय ना मी, असं ताई म्हणाल्या. जयवंतरावांनी समासातली अक्षरं वाचली, कागद परत दिला आणि उरलेला रस्ता ते खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर वृषालीताईंनी तक्रारींचा सपाटा लावला. ग्राहक मंच, आरोग्य खातं, दोन वर्तमानपत्रं. लबाडांनो, तुम्ही घरं बांधत नाही, माणसं बुजवता, असं एका पत्रात त्यांनी लिहिलं आणि ते खोडलं नाही. अवंतिकाबाईंना फोन करून सगळं सांगायचं त्यांच्या फार मनात होतं. पण तुमच्या नावावर कडी निघाली होती, हे ऐकल्यावर ती बाई उद्या जिना कसा उतरेल, या विचाराने त्यांनी फोन ठेवून दिला. इतरांना जे कळायलाच हवं म्हणून त्या भांडत होत्या, ते एका बाईला सांगायची त्यांची छाती झाली नाही.

आपले तिन्ही जिने तेवढे शाबूत आहेत, याचं त्यांना समाधान होतं. जयवंतराव रोज सकाळी दहाला ते उतरून वाचनालयात जात आणि बाराला चढून येत. फक्त ते निघाले की ताई आता गॅलरीत उभ्या राहू लागल्या. वळणावर ते थांबले तर का थांबले, ते मोजू लागल्या. चहा नेहमी जयवंतराव करत. आता त्यांनी गॅस पेटवला की ताई कशाला ना कशाला स्वयंपाकघरात येत आणि जाताना कळ बंद आहे ना, ते बघून जात. एकदा ते चष्मा शोधत होते. कोण शोधत नाही? पण ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि जयवंतरावांनी ते पाहणं पाहिलं. बोलता-बोलता त्या त्यांना सहज म्हणून जुन्या विद्यार्थ्यांची नावं विचारत. ते नावं सांगत, अगदी बरोबर सांगत, आणि पूर्वीपेक्षा कमी बोलत.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी भाजीवाली खालून ओरडली म्हणून ताई पिशवी घेऊन गेल्या. मेथी निवडून घेतली, शेजारच्या बाई भेटल्या, त्यांना कंपनीची सगळी कहाणी पुन्हा तावातावाने सांगितली. अर्ध्या-पाऊण तासाने वर आल्या तर दाराला बाहेरून कडी होती. आपणच लावली, हे कळायलाही त्यांना थोडा वेळ लागला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात घरात माणूस असताना त्यांनी कधी बाहेरून कडी लावली नव्हती.

त्यांनी घाईघाईने दार उघडलं. जयवंतराव आत अगदी दारापाशी उभे होते. पायात बूट, हातात वाचनालयाची पुस्तकं. घड्याळात अकरा वाजायला आले होते.

"अहो, हाक मारायचीत ना. दार वाजवायचं," त्या म्हणाल्या. "शेजारी होते सगळे."

"वाजवणार होतो," जयवंतराव म्हणाले. "मग मला वाटलं, तू मुद्दाम लावली असशील."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी पुस्तकं कोनाड्यात ठेवली आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.