शनिवारची तेलवात

शनिवारची बस आस्प्रोपेत्रा गावातून वेळेवर निघायची, पण खाली कालामाताला कधी पोचायची, ते आर्गिरोच्या हातात होतं.

गाव डोंगरमाथ्यावर, शहर खाली समुद्राशी, आणि मधला रस्ता पिळून टाकलेल्या चादरीसारखा. त्या रस्त्याच्या वळणांवर लोखंडी खांबांवर छोटी छोटी देवळं उभी होती, कबुतरांच्या खुराड्याएवढी. काचेचं दार, आत देवमातेची तसबीर, कुणाचा तरी फोटो आणि तेलाची वाटी. जिथे कुणाची गाडी दरीत गेली, तिथे घरच्यांनी असं देऊळ उभारायचं. जिथे कुणी जाता जाता वाचलं, तिथेही उभारायचं. पण उभारणारे पुढे अथेन्सला गेले, कुणी तर थेट ऑस्ट्रेलियाला, आणि वाट्या कोरड्या पडल्या. त्यांत कोळ्यांनी जाळी विणली.

आर्गिरोच्या लेकीची, असिमिनाची, कूस दोनदा भरून रिकामी झाली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा आर्गिरोने देवमातेपुढे गुडघे टेकले. "आई, हे बाळ सुखरूप मांडीवर येऊ दे. तोवर दर शनिवारी या रस्त्यावरच्या सगळ्या देवळांत तेलवात करीन. एकही वगळणार नाही."

तेव्हापासून शनिवारची बस प्रत्येक देवळाशी थांबू लागली. आर्गिरो तेलाची बाटली सांभाळत उतरायची, काच पुसायची, वात लावायची, तीनदा छातीवर क्रुसाची खूण करून पुन्हा चढायची. ड्रायव्हर लिंबेरिस तिला मावशी म्हणायचा आणि मुकाट्याने थांबायचा. कुरकुर करायचा तो म्हातारा कानेलोस.

"अगं आर्गिरो, मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. तुझं होईपर्यंत उरलेले दात वाटेतच गळतील!"

"दोनच तर उरलेत कानेलोस, त्यांचा केवढा तो तोरा!"

सगळी बस हसायची. पण मोठ्या पाईनच्या वळणावर कानेलोस गप्प व्हायचा. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहायचा. त्या देवळातला फोटो त्याच्या मुलाचा होता, निकीफोरोसचा. बाप स्वतः तिथे कधीच उतरला नव्हता. मुलाच्या देवळात आर्गिरो तेल घालायची, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलत नसत.

ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. त्या शनिवारी सकाळी आर्गिरो बाटलीत तेल ओतत असतानाच जावयाचा, सोतिरिसचा, फोन आला.

"आई, असिमिनाला आत नेतायत. ऑपरेशन करायचंय. बाळाचे ठोके मंद झालेत... तुम्ही या. लवकर या."

आर्गिरो बसमध्ये चढली तेव्हा बाटली तिच्या हातातच होती. काय झालं ते तिने सांगितलं. लिंबेरिसने आरशाला टांगलेल्या, दृष्ट टाळणाऱ्या निळ्या मण्याला हात लावला.

"मावशी, आज कुठेही थांबायचं नाही. सरळ लेकीकडे."

"आणि तेलवात?"

"अगं, देवमाता काय हिशेब मांडून बसलीय का?" कानेलोस म्हणाला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "तीपण आईच आहे ना?"

आर्गिरोने बाटली पोटाशी धरली. वसा मोडायचा, तोही नेमका आजच! पण लेक तिकडे टेबलावर निजली होती. "आई, समजून घे," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "परत येताना सगळे लावीन. माझी चूक बाळावर नको गं घालूस."

गाव संपलं आणि धुकं लागलं.

धुकं या डोंगराला नवं नाही, पण हे दरीतून उसळून वर आलं. बघता बघता बसचं नाकसुद्धा दिसेना. दिवसाढवळ्या लिंबेरिसने दिवे लावले, तर समोर नुसतं दूध उजळलं. काचा आतून ओल्या झाल्या. इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा येऊ लागला. लिंबेरिस काचेला डोळे लावून पावलापावलाने गाडी नेत होता.

आणि मग डाव्या हाताला एक पिवळा ठिपका दिसला.

पहिल्या देवळात दिवा जळत होता.

"कुणी लावला?" आर्गिरो पुटपुटली. मागच्या शनिवारचं तेल केव्हाच संपलेलं असणार.

"पाद्रीबाबांनी लावला असेल," लिंबेरिस म्हणाला.

"ते गुडघा धरून अंथरुणात पडलेत. कालच मी त्यांना सूप नेऊन दिलं."

सगळ्यांनी क्रूस केला. लिंबेरिसने मात्र सुटकेचा श्वास सोडला. दिवा दिसला म्हणजे वळण कळलं. त्याने चाक फिरवलं. थोड्या वेळाने पुढचा ठिपका उमलला. त्याच्यापुढे आणखी एक. जणू कुणीतरी हात धरून, इकडून ये, इकडून ये, असं म्हणत होतं.

मोठ्या पाईनचं वळण आलं. तिथेही उजेड होता.

"थांब," कानेलोस म्हणाला.

"काका, मावशीला उशीर..."

"एक क्षण, लिंबेरिस. थांब रे."

म्हातारा काठी टेकत उतरला. आर्गिरोला राहवेना, तीही त्याच्यामागे उतरली. जळत्या तेलाचा वास येत होता, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक वास... आर्गिरोने तो ओळखला, पण तिचा स्वतःवर विश्वास बसेना. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूला येतो तसा, ऊबदार, गोडसर. या ओल्या, गारठलेल्या डोंगरात!

वाटी काठोकाठ भरलेली होती. निकीफोरोसच्या फोटोवरची काच कुणीतरी पुसली होती. काचेच्या कोपऱ्यात काजळीचा एक ठसा होता, अंगठ्याचा. मसुराच्या दाण्याएवढा.

कानेलोसने फोटोला स्पर्श केला. किती वर्षांनी, देव जाणे. "हा बघ," तो हळूच म्हणाला, "हसतोय कसा. मला वाटायचं, माझ्यावर रागावला असेल..." मग तो एकदम थबकला. "आर्गिरो, वात अजून तडतडतेय. ही आत्ता लावलीय. कुणीतरी आपल्या पुढे आहे..."

दोघांनी कान दिला. धुक्यात, उताराच्या बाजूला, ओल्या डांबरावर पावलं वाजत होती. अनवाणी, हलकी, भरभर. टप टप... टप टप... आणि मग तिकडे दूर आणखी एक दिवा उमलला.

ती दोघं बसमध्ये परतली. कानेलोस आज देवळाच्या बाजूच्या खिडकीशी बसला.

उतार वाढला. लिंबेरिस आता धीट झाला होता. दिवा दिसला की वळण, वळण संपलं की सरळ रस्ता. त्याने वेग थोडा वाढवला. समोर पुन्हा उजेड दिसला. तो पुढे निघाला, आणि आर्गिरो ताडकन उभी राहिली. हा रस्ता तिच्या हातांना पाठ होता. कुठल्या देवळाचं दार कुरकुरतं, कुठल्याची कडी तुटलीय, सगळं.

"लिंबेरिस, थांब! इथे देऊळ नाही!"

"पण मावशी, दिवा..."

"इथे देऊळ नाहीच आहे रे! थांब!"

ब्रेक किंचाळला. बस हेलकावून थांबली. दिवा रस्त्याच्या मधोमध होता, जमिनीलगत. लिंबेरिस दार उघडून उतरला, तसा दिवा विझला. तो हात पुढे करून चार पावलं गेला, आणि त्याच जागी मटकन खाली बसला.

पुढे रस्ता नव्हता. डोंगराची कड घसरून आली होती आणि डांबर तुटून दरीत लोंबत होतं. खालून, खूप खालून, अजूनही दगड पडल्याचा आवाज येत होता.

जिथे दिवा होता तिथे आर्गिरोला डांबरावर तेलाचं एक लहानसं वर्तुळ दिसलं. तिने बोट टेकवलं. कोमट होतं.

"पलीकडे कुणी आहे का?" लिंबेरिस ओरडला.

"आहे, आहे!" धुक्यातून उत्तर आलं. "मी पाववाला! तुम्ही कसे वाचलात?"

डोंगराच्या पोटाशी एक माणूस जाईल एवढी कड शिल्लक होती. मागून लिंबेरिसने आर्गिरोची कंबर धरली, पुढे केलेली कानेलोसची काठी पलीकडून पाववाल्याने पकडली, आणि ती बाटलीसकट पार झाली. पाववाल्याची छोटी गाडी गरम पावांच्या वासाने भरलेली होती. लेकीचं कळताच त्याने ती तिथल्या तिथे वळवली.

"खरं सांगू मावशी?" गाडी हाकता हाकता तो म्हणाला. "मी जोरातच येत होतो. तेवढ्यात समोर एक दिवा हलताना दिसला. इथे, माझ्या गुडघ्याच्याही खाली. म्हटलं, एवढं बुटकं कोण? म्हणून थांबलो. नाहीतर..." त्याने क्रूस केला.

"आणि मग? तो कुठे गेला?"

"माझ्या गाडीला वळसा घालून खाली गेला. शहराकडे. फार घाईत होता बिचारा."

दवाखान्यात सोतिरिस जिन्यातच भेटला. रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. त्याने सासूला घट्ट मिठी मारली.

"मुलगी झाली, आई! दोघी बऱ्या आहेत. पण आई... जन्मली तेव्हा श्वासच नव्हता. नुसती निळी. डॉक्टर झटत होते, झटत होते. मला वाटलं, संपलं. नाडी लागली तरी डोळे उघडेना, आवाज काढेना, जणू इथे नव्हतीच. आणि एकदम, तुम्ही यायच्या जरा आधी, रडली. अशी धापा टाकत रडली, जणू खूप लांबून धावत आलीय."

आर्गिरोने नातीला मांडीवर घेतलं. "थू थू थू, दृष्ट नको लागायला," म्हणत तिने तिची टाळू हुंगली. तोच वास होता. मग तिने दुपट्यातून तिचा इवलासा हात बाहेर काढला.

अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट काळं होतं. शेंड्याशी.

"ते काय आहे कळत नाही हो," परिचारिका म्हणाली. "पुसलं, धुतलं, तरी जात नाही. काजळीसारखं दिसतं, नाही का?"

"जाईल आपोआप," आर्गिरो म्हणाली. तिने ती बोटं ओठांना लावली. त्यांना विझलेल्या वातीचा वास येत होता.

आणि खरंच, दोन-चार दिवसांत डाग गेला. आर्गिरो लेकीच्याच घरी राहिली. रस्ता बंद होता आणि बाळ मांडीवर आलं होतं, नवस फिटला होता. चाळीस दिवस बाळबाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिकडची रीत. त्यामुळे आजीच्या हातांना काम भरपूर होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी तिने पाळण्यावरचं जाळीचं पांघरूण बाजूला केलं. बाळ गाढ झोपलं होतं, दमल्यासारखं. बोटं पुन्हा काळी होती. आर्गिरोने हळूच दुपटं सोडलं. चिमुकले तळवे ओले आणि बर्फासारखे गार होते, आणि टाचेला पाईनचं सुईसारखं पान चिकटलं होतं.

आतून असिमिनाने विचारलं, "आई, उठली का गं ती?"

"नाही गं, झोपू दे," आर्गिरो म्हणाली. तिने ते पान काढून मुठीत घेतलं. तळवे दोन्ही हातांत धरून आपल्या श्वासाने ऊब दिली. मग बाळाच्या कानाशी वाकून म्हणाली, "माझे राणी, तू नको गं जाऊस. थंडी असते तिथे. आजी जाईल."

तिने पाववाल्याला फोन केला आणि त्याच्या गाडीतून खालच्या बाजूची देवळं केली. वरच्या बाजूला कानेलोस स्वतःहून बाटली घेऊन निघाला होता. लिंबेरिस त्याला जिथे लागेल तिथे उतरवत होता. दरड जिथे कोसळली तिथे लिंबेरिसने नवं देऊळ उभारलं, निळं रंगवलेलं, वाचलेल्या सगळ्यांच्या वतीने. आत फोटो कुणाचा ठेवायचा, हे त्याला कळेना. "राहू दे मोकळं," आर्गिरो म्हणाली.

त्यानंतर तिचा एकही शनिवार चुकलेला नाही, आणि नातीची बोटं पुन्हा काळी झालेली नाहीत.

फक्त एक आहे. शनिवारी आजी परत येईपर्यंत एवढंसं ते बाळ झोपत नाही. दाराकडे टक लावून असतं. आर्गिरो येते, पाळण्याशी वाकते. बाळ तिचं बोट मुठीत धरतं, नाकाशी नेतं आणि हुंगतं, हळूहळू, एकेक बोट. काजळीचा वास मिळाला की सुस्कारा टाकतं. मग आपली पावलं दुलईत ओढून घेतं आणि डोळे मिटतं.