तिसापर्यंत मोजायचं

दुकानाचं दार पाठीनं ढकलत तो उलटाच आत आला आणि थेट तिच्यावर आदळला. तिच्या हातातली डबी उडाली, स्क्रू फरशीभर घरंगळले. त्याच्या कवेत मात्र जुना अ‍ॅम्प्लिफायर तान्ह्या बाळासारखा सुखरूप होता.

"सॉरी हं..." यंत्र टेबलावर ठेवून तो खाली बसला आणि एकेक स्क्रू वेचू लागला. "त्रेचाळीस. बरोबर?"

"मोजलेत तुम्ही?"

"गणित शिकवतो. खोड आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून तिचे बाबा खाकरले. त्यांना आता बारीक काम दिसत नसे. टेबल तिचं झालं होतं, टोमणे अजून त्यांचेच होते. "मास्तर, पायाखाली एक राहिला. चव्वेचाळीस!"

तिनं झाकण उघडलं. मास्तर कुतूहलानं पुढे वाकला, तशी तिनं त्याचं मनगट धरून मागे ओढलं.

"हात नका लावू! बंद असला तरी झटका देतो हा."

"म्हणजे वरून शांत, आणि आत..."

"यंत्राबद्दलच बोलताय ना?"

मास्तरचे कान लाल झाले. मनगट अजून तिच्याच हातात होतं.

दुखणं साधं होतं. विजेला एकाच दिशेनं सोडणारा, तापल्यावरच चालणारा काचेचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह थकला होता, म्हणून गाण्याआड सारखी घरघर. काम दोन दिवसांचं. "आठ दिवस लागतील," ती म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. कागद हसण्यानं थरथरत होता.

शाळा सुटली की मास्तर हजर. "काही प्रगती?" प्रश्न यंत्राचा, नजर तिच्याकडे. ती मनगटानं कपाळावरची बट मागे सारायची आणि मुद्दाम तेच तेच सांधे पुन्हा तपासायची. काम संपलं की हा यायचा कशाला? पण आठवा दिवस काही टळला नाही.

थकलेल्या व्हॉल्व्हच्या जागी तिनं तेच काम न तापता करणारे, उडदाच्या दाण्याएवढे दोन डायोड बसवले होते. स्विच दाबला. बारा मोजेपर्यंत सूर आला, स्वच्छ, निथळ. ती अभिमानानं वळली, तर मास्तरचा चेहरा पडलेला.

"काय बिघडलं?"

"बिघडलं नाही... लवकर झालं." तो चाचरला. "आमच्याकडे सूर यायला तीस मोजावे लागतात. आई-बाबा दोघंही अबोल. पण स्विच वाजला, की आई हातातलं टाकून बाबांशेजारी येऊन बसते. दिवसभराचं बोलणं त्या तिसांत होतं. आता बारात ती स्वयंपाकघरातून पोचायचीसुद्धा नाही."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"इथे आलो की... कशाला आलो तेच विसरतो."

स्टुलावर चढून तिनं वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. कापसात गुंडाळलेला तसाच एक व्हॉल्व्ह होता, बाबांनी वर्षानुवर्षं जपलेला.

"बाबा, देऊ?"

"दे की. जपलेलं चांगल्या घरी पडलं, म्हणजे झालं." हे म्हणताना बाबा व्हॉल्व्हकडे बघत नव्हते.

तिनं डायोड उतरवले, व्हॉल्व्ह बसवला, जोडण्या दोनदा तपासल्या. स्विच. काचेत हळूहळू नारिंगी उजेड उमलला. दोघं मोजू लागले. अठराला मास्तर थांबला.

"अडलात का?"

"एक सांगायचंय. पण वेळ पुरेल की नाही..."

"बारा उरलेत, मास्तर."

"मग असं की... हे नीट झालं तरी मला रोज... म्हणजे यंत्रासाठी नाही, तुमच्या—"

आणि सूर आला! भरभरून, दुकान दणाणून टाकत. मास्तरचे ओठ हलत राहिले, शब्द वाहून गेले.

तिनं झटकन स्विच बंद केला.

"काय म्हणालास?"

मास्तर जागीच थबकला. त्या एका 'लास'नं त्याचं सगळं गणित विस्कटलं. "पुन्हा... पुन्हा चालू करूया? अठरापासून?"

"लगेच नाही. आधी गार होऊ द्यावा लागतो."

बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत ते बाहेर पडलेसुद्धा.

तिनं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं.

"बस. आणि या वेळी मोजू नकोस."