त्याची दाढी कोण करणार?

बाथरूमचा आरसा पप्पांनी चहा पाजताना फोडला. आरशातल्या माणसाला चहा पाजताना. कप काचेवर आपटला, खालचा एक कोपरा बेसिनमध्ये पडला आणि वरपर्यंत तडा गेला.

मी फ्लेविया. अंधेरीला एमआयडीसीत एका लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे भुताखेतांना माझ्याकडे थारा नाही. पप्पांना विसरण्याचा आजार आहे. आरशात दिसतो तो आपणच, हे न कळणं त्याच आजारातलं, असं डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. वाकोल्याच्या आमच्या जुन्या घरात त्या माणसाचं तसं बरं चाललं होतं. पप्पा रोज सकाळी त्याची दाढी करून द्यायचे. "बिचाऱ्याचं कोणी नाही," म्हणायचे. त्या नादात त्यांची स्वतःचीही दाढी व्हायची, मग मी कशाला मध्ये पडू?

माझं नाव मात्र दोन वर्षांत त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मला ते हॉस्पिटलातली नर्स समजायचे. ज्यांच्यासाठी लग्न केलं नाही त्यांनीच "तुमची ड्युटी कधी संपते?" विचारलं की रडू यायचं, आणि रडू आल्याचा रागही यायचा. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

लॅबजवळ नंदूचं काचेचं दुकान आहे. सोमवारी त्याने घरी येऊन नवा आरसा बसवला. जुना उचलून निघाला तेव्हा पप्पा दारात आडवे उभे राहिले.

"त्याला कुठे नेतोस?"

"दुकानात, अंकल. तडा सोडून उरलेली काच कापणार, छोटे आरसे होतील. अशी जाड काच आता मिळत नाही."

"मग त्याची दाढी कोण करणार?"

नंदू माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते.

नव्या आरशात पप्पांनी एकदाच पाहिलं. "इथे कोणी राहत नाही," म्हणाले आणि वळले. मी मागेच उभी होते. मला त्यात माझा चेहरा दिसला, पप्पांचाही दिसला असेल. गरम पाण्याची वाफ होती, नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर ते बोलले नाहीत. पेज दोन चमचे घ्यायचे, की तोंड बंद. गालांवर पांढरे खुंट वाढले. दिवसभर त्यांच्याजवळ बसणारी शेजारची रीटा आंटी म्हणाली, "फ्लेविया, मार्कस इथे नाहीच गो. नुसतं अंग पडलंय."

गुरुवारी दुपारी लॅबमध्ये नंदूचा फोन आला.

"ताई, तुमचे पप्पा दुकानात येऊन बसलेत. काच कापायला घेतली तर म्हणतात, थांब, फ्लेव्हीला येऊ दे."

फ्लेव्ही म्हणून मला फक्त पप्पा हाक मारायचे, आजाराआधी. ते नाव नंदूला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. मी रीटा आंटीला फोन लावला.

"इथेच आहे की. माझ्यासमोर झोपलाय. का गो?"

"काही नाही," म्हटलं आणि लॅबच्या कोटातच बाहेर पडले.

गल्लीत ऊन साचलं होतं. नंदूच्या दुकानाबाहेर लहानमोठे आरसे भिंतीला टेकवून ठेवलेले, प्रत्येकात थोडंथोडं आभाळ. वरून विमान गेलं. ते एका आरशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हळूहळू सरकत राहिलं. आवाज ऐकूच आला नाही. मला फार झोप आल्यासारखं वाटलं.

आत पप्पा स्टुलावर बसले होते. गुळगुळीत दाढी केलेली, साबणाचा वास येत होता.

"फ्लेव्ही, किती वाळलीस गं. जेवतेस की नाही?"

मी तिथेच फरशीवर बसले. पण मी पडले तपासणारी बाई. विचारलं, "दहावीच्या चाचणीत मी कशात नापास झाले होते?"

"गणितात. मम्मीला आपण सांगितलंच नाही."

मी त्यांचा हात धरून नाडी मोजली. बहात्तर. हात गरम होता.

मग समोरच्या तडा गेलेल्या आरशाकडे लक्ष गेलं. त्यात मी होते, हात पुढे करून बसलेली. हातात काही नव्हतं. स्टूल रिकामं होतं.

स्टुलामागे दुकानाच्या फळ्या दिसायला हव्या होत्या. तिथे आमच्या बाथरूमच्या पिवळ्या टाइल्स होत्या.

टाइल्सपाशी पप्पा उभे होते. गालांवर पांढरे खुंट, अंगात घरचा सदरा. माझ्याकडे बघत होते, पण ओळख नव्हती. त्यांनी आतून काचेला तळवा लावला.

फोन वाजला. रीटा आंटी रडत होती. "फ्लेविया, मार्कस खाटेवर नाही गो! दाराला कडी तशीच आहे, आणि घरात कुठेच नाही!"

मी फोन बंद केला.

नंदू हातात काच कापायची हिरकणी घेऊन त्या आरशावर पट्टी ठेवत होता. त्याची नजर फक्त मापावर होती. "कापू का, ताई?"

स्टुलावरच्या पप्पांनी माझा हात दाबला. "सांग ना त्याला, फ्लेव्ही."

मी मानेने हो म्हटलं आणि आरशाकडे पाठ केली.