एकेचाळिसावं दार

“खरा नेता तोच, ज्याच्या दारावर कुणालाही टकटक करावी लागत नाही!”

दारं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या सात मूल्यांमधलं हे पहिलं. मोठ्या साहेबांनी ते स्वतः लिहिलं होतं. शुक्रवारी सकाळी ते अक्षरशः खरं ठरलं. साहेब एका दिवसाच्या नेतृत्व-शिबिराहून परतले, तर केबिनला टकटक करण्याजोगं काही उरलंच नव्हतं. चौकट जागेवर होती, दार नव्हतं.

पोलिसांत जायची सोय नव्हती. दारांच्या कारखान्यातून दार चोरीला गेलं, हे फौजदाराला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून दुपारी मावशींना बोलावणं गेलं.

मावशी खासगी तपासाची कामं घेत. सोबत त्यांचे जावई असत. जावई मनाने सोन्यासारखे, पण डोकं बैलगाडीने यायचं. दुसरा कुणी असता तर मावशींनी केव्हाच झापला असता. जावयाला झापता येत नाही. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक तपासावर सौजन्याचा भार असे.

“चोर उघड आहे,” साहेब म्हणाले. “काल तीन ते चार मूल्य-तास होता, सगळे सभागृहात. तेवढ्यात दार गेलं. गेलं ते गेटमधूनच, म्हणजे वॉचमन झोपला होता. बडतर्फीचं पत्र तयार आहे, पाच वाजता देणार. तुम्ही फक्त पुरावा आणा.”

“नोकरी किती झाली त्यांची?”

“सव्वीस वर्षं. निवृत्तीला चार महिने आहेत. पण मूल्यं म्हणजे मूल्यं. आणि कुठे बोलू नका. दार रंगवायला गेलंय, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून फिरा.”

“दार खास होतं?”

“छे! जे गिऱ्हाइकाला तेच मला, मूल्य क्रमांक तीन. तेच माप, तोच माल. एकेका दाराला दोन दिवस लागतात आमच्याकडे. घाई नाही, मूल्य क्रमांक चार.”

टेबलावर पितळी पाटी होती : ‘माझं दार सदैव उघडं आहे.’

“ही दारावर होती. चोराने काढून ठेवली.”

पाटी पुसून लख्ख केलेली होती. शेजारी कागदाच्या पुडीत तिचे चार स्क्रू.

“चोर नीटनेटका दिसतो,” मावशी म्हणाल्या.

जावई बाहेर सूचनापेटीला टेकले होते. बाही काळी झाली. “बघा आई, केवढी धूळ! कुलूपसुद्धा गंजलंय. फक्त फटीपाशी तेवढं स्वच्छ.”

“शर्ट झटका, जावईबापू,” मावशी म्हणाल्या आणि फटीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

गेटवरच्या केबिनीला फुलाफुलांचा पडदा होता. वॉचमनकाका त्याच्या सावलीत ताठ बसले होते.

“छान आहे हो पडदा.”

“बायकोने शिवला. दुपारी ऊन थेट डोळ्यांत येतं.”

“काका, काल इथून दार गेलं?”

“एक? चाळीस गेली, बाई! हॉस्पिटलची ऑर्डर, सव्वापाचची गाडी. गेटपासवर चाळीस, गाडीत चाळीस. दोनदा मोजली.” मग आवाज खाली आला. “पत्राचं कळलंय मला. घरी सांगितलं नाही अजून. इथेही कुणाला नाही. सव्वीस वर्षांत या गेटातून सहीशिवाय सुई गेली नाही हो.”

परतताना जावई थबकले. “आई, सापडलं! चोराने दार गोदामातल्या दारांत लपवलं!”

“निम्मं बरोबर आहे, जावईबापू,” मावशी म्हणाल्या. जावई संध्याकाळपर्यंत त्या निम्म्यावर खूश होते.

माल पाठवणाऱ्या ताईंच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती आणि बोलण्यात पूर्णविराम नव्हता.

“कालची ऑर्डर ना? गेली की, चाळीसच्या चाळीस, वेळेवर. आजपासून त्यांच्याकडे बाळंतपणाच्या खोल्या सुरू. बाळ काय दाराची वाट बघतं?”

“तुमच्याकडे मूल्य-तास असतो म्हणे?” जावयांनी कुतूहलाने विचारलं.

“असतो. गाडी असली की मला सूट. मला आणि नापासरावांना.”

नापासराव म्हणजे मालाचे तपासनीस. नाव कामगारांनी ठेवलेलं. त्यांच्या खोलीत भिंतीला एक दार टेकून उभं होतं, त्यावर लाल फुली.

“कालचं,” ते खिन्नपणे म्हणाले. “चाळीस बनली, एकोणचाळीस पास. हे एक वाकलंय.”

नखांत ताजा पांढरा रंग होता. मावशींनी सहज विचारलं, “साहेबांचं दार चांगलं होतं म्हणतात?”

नापासरावांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “अव्वल! सहा वर्षं झाली, पण बिजागरीच्या आतल्या खिळीवर ओरखडा नाही.”

“तुमचं येणंजाणं असेल तिथे.”

“सहा वर्षांत एकदाही नाही. बंद असायचं ना.”

पावणेपाचला मावशींनी सगळ्यांना साहेबांच्या केबिनमध्ये जमवलं. टेबलावर पत्राचं पाकीट होतं. काका त्याच्याकडे न बघता उभे होते.

“साहेब, काकांनी चाळीस दारं मोजली. ती चाळीसच होती,” मावशींनी सुरुवात केली. “पण बनलेल्या चाळिसांतलं एक तर नापास होऊन खाली उभं आहे. नवं करायला दोन दिवस लागतात. मग गाडीत चाळिसावं आलं कुठून?”

“कुठून?” जावयांनी विचारलं.

“कारखान्यात त्या मापाचं एकेचाळिसावं दार एकच होतं. या चौकटीत.”

साहेब उठून उभे राहिले. “माझं दार बाळंतिणीच्या खोलीला?”

“चोर पाटी पुसून ठेवत नाही, पुडीत स्क्रू बांधत नाही. हे पाटीची भोकं बुजवून, वर रंग देणाऱ्या माणसाचं काम. तपासनिसाच्या नखांत रंग कशाला लागेल? आणि बिजागरीच्या आतली खिळी दार उतरवल्याशिवाय दिसत नाही. जे कधी या केबिनमध्ये आले नाहीत, त्यांनी ती पाहिली कधी? तीन ते चार मोकळे दोघंच होते.”

“मी उतरवलं,” नापासराव म्हणाले.

“मी धरलं,” ताई म्हणाल्या. “आणि कळवलं पण होतं! मागच्या दाराने पळालो नाही काही. काकांवर आळ आलाय, हे आत्ता कळतंय.”

“मला कुणीही काही कळवलेलं नाही!” साहेब गरजले.

“पेटीची किल्ली कुठे आहे?” मावशींनी विचारलं.

साहेबांनी तीन खण उपसले. किल्ली सापडली, कुलूप मात्र तेल पाजल्यावरच उघडलं. आतून चिठ्ठ्यांचा ढीग जमिनीवर सांडला. सर्वांत वरची नापास-पावतीच्या पाठीवर लिहिलेली होती. जावयांनी मोठ्याने वाचली :

“साहेब, हॉस्पिटलला शब्द दिलाय. वाकडं दार पाठवता येत नाही, उशीरही करता येत नाही. तुमचं दार तपासलं, पास झालं. सोमवारी नवं बसवतो. ते सदैव उघडंच असतं असं त्यावर वाचलं, त्यामुळे तोवर अडचण होऊ नये.”

कुणी हसलं नाही. हसू नये म्हणून ताईंनी पेन्सिल चावली.

साहेबांनी ढिगातली तळाची चिठ्ठी उचलली. सहा वर्षांपूर्वीची तारीख. “गेटच्या केबिनीत दुपारी ऊन येतं. एक पडदा मिळावा, ही विनंती. वॉचमन.”

त्यांनी ती दोनदा वाचली. मग टेबलावरचं पाकीट उचललं, फाडलं, चार तुकडे केले. काकांनी पहिल्यांदा भिंतीला हात टेकवला.

“उद्या सभागृहात या दोघांचा सत्कार!” साहेबांना सूर सापडला. “आमची मूल्यं कागदावर नाहीत, माणसांत आहेत! आणि खरा नेता...”

त्यांचं लक्ष चौकटीकडे गेलं. बाहेर अख्खी कचेरी उभी राहून त्यांना ऐकत होती. पुढच्या रांगेतले दोघे तर चहा घेऊन आले होते.

साहेब काकांच्या कानाशी वाकले. “काका, तुमचा तो फुलाफुलांचा पडदा... सोमवारपर्यंत मिळेल का?”

“मिळेल की, साहेब,” काका म्हणाले. “तेवढा अर्ज पेटीत टाका.”