गुलबदनचा डावा पाय

तनुजाच्या पत्राला ऋतुराजनं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता – 'गुलबदनचा पुढचा डावा पाय तुला दिसला होता की नाही?' नाही म्हटलं तर तो नालायक डॉक्टर ठरत होता. हो म्हटलं तर... त्याहून वाईट काहीतरी.

दोघांची ओळख औरंगपुऱ्यात झाली, फकिराभाऊंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात. बाहेर भुरभुर चालू होती. ओढणीनं चष्मा पुसत तिनं हळूच विचारलं होतं, "रेसचं पुस्तक आहे का हो?"

आणि शेजारच्या अनोळखी माणसाला उगाच सांगितलं होतं, "माझ्यासाठी नाही. मामासाठी."

"सगळे मामासाठीच नेतात," ऋतुराज बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला.

फकिराभाऊ हसले. "मॅडम, हे जनावरांचे डॉक्टर हायत. दौलताबादच्या समद्या घोड्यांशी बोलत्यात. माणसाशी बोलाया लई भितात."

तनुजा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचा राजेंद्रमामा पुण्यात दर रविवारी रेसला जाऊन पैसे लावायचा. घोडा नुसता बघितला की कळतं, असं त्याचं म्हणणं. तनुजाला ते पटत नव्हतं. घोड्याच्या मागच्या वेळा, पाठीवरचं वजन, शर्यतीचं अंतर, यांचा हिशेब मांडला तर अंदाज जास्त बरोबर येतो, असं ती म्हणायची.

"पण घोडा लंगडायला लागला, तर आकड्यांना कसं कळणार?" ऋतुराज म्हणाला.

"मग लावा पैज. तुमचे डोळे, माझे आकडे. जो जिंकेल त्याची पद्धत मामा धरेल."

नियम तिनंच ठरवले. त्यानं मोबाईलवर घोड्यांच्या सकाळच्या सरावाचे व्हिडिओ बघायचे, तिनं हिशेब करायचा, आणि रेसच्या आधी आपापल्या घोड्यांची नावं पोस्टकार्डावर लिहून एकमेकांना पाठवायची. टपालाचा शिक्का बसला की नंतर कुणाला पलटता येणार नाही. हरेल त्यानं गुलमंडीत चहा पाजायचा.

पहिल्या रविवारी ऋतुराज खरंच हरला. चहा पिताना तनुजा इतकी हसली, की बशीतला चहा तिच्या मनगटावर सांडला. ते हसू परत बघावंसं त्याला वाटलं. दुसऱ्या आठवड्यापासून तो मुद्दाम हरू लागला. व्हिडिओत जो घोडा पेंगल्यासारखा दिसेल, त्याचंच नाव लिहायचा.

"डॉक्टर, डोळे तपासून घ्या."

"तपासले. बिघाड आहे. समोरचं एकच दिसतं."

"काय?"

"...चहा."

ती कपाच्या आड हसली. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

तिकडे मामानं डोळ्यावर खेळणं सोडलं. भाचीचे आकडे त्याला देववाणी वाटायला लागले. मग गुलबदन नावाच्या घोडीची रेस आली. आकड्यांत तिच्याजवळ कुणी नव्हतं. पण व्हिडिओत ऋतुराजला दिसलं – घोडी पुढचा डावा पाय जपून टाकत होती. फोन हातात घेऊन तो कितीतरी वेळ बसला. आता सांगावं, तर आजवर का हरत होता हेही कळणार... त्यानं दुसऱ्याच एका मरतुकड्या घोड्याचं नाव लिहिलं आणि तो गप्प बसला.

गुलबदन अर्ध्यातच थांबली. जॉकी खाली उतरला. मामानं अख्खा पगार लावला होता. मामीनं तनुजाला रडत फोन केला, "तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला गं त्यांनी!"

तनुजानं ऋतुराजला फोन केला नाही. पत्र पाठवलं.

श्रावण संपला. गुलमंडीवरून जाताना तो मान खाली घालायचा. घोड्यांच्या पायावरून हात फिरवतानासुद्धा त्याला लाज वाटायची. शेवटी एका रविवारी त्यानं लिहिलं – 'दिसला होता. मी मुद्दाम हरत होतो. तू हसावीस म्हणून. तुझी सगळी तुलना मी नासवली. खरं लिहिलं असतं तरी बहुतेक हरलोच असतो, पण मामांना त्या घोडीपासून नक्की थांबवू शकलो असतो. तू मला आवडतेस, हे सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हे सगळं केलं.'

तो पाकीट घेऊन टपालपेटीपाशी उभा राहिला. हात पुढे होईना.

"डॉक्टर?"

मागे तनुजा होती. हातात भाजीची पिशवी. ती त्याच्याकडे न बघता पाकिटावरचं आपलं नाव वाचत होती.

"एवढे दिवस लागले?"

"लाज वाटत होती."

"वाटायलाच पाहिजे." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तोंडी सांग."

"तोंडी... जमणार नाही. हे हातातच देऊ का?"

"नाय. नियम म्हणजे नियम. शिक्का बसल्याशिवाय मी काही खरं मानत नाही."

त्यानं पाकीट पेटीच्या फटीशी नेलं.

"मामीची माफी मागावी लागेल तुला," ती म्हणाली.

"पुण्याला जाऊन मागतो. मामीची, मामांची, दोघांची."

"मलाही मागायचीय," ती म्हणाली. "...मग एकाच गाडीनं जाऊ."

त्यानं वर बघितलं. ती हसत नव्हती. पण पिशवीतून डोकावणारी मेथी उगाच आत खुपसत होती.

"आता टाक की!"

ऋतुराजनं पाकीट सोडलं. ते पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.