वैशाखातलं हळदी-कुंकू

"भिया, तो पंखा जरा इकडे फिरवा ना."

स्टुलावर बसलेला मुलगा उठला, त्याने पंखा माझ्याकडे फिरवला आणि पुन्हा जाऊन बसला. देवासचं मे महिन्यातलं ऊन, त्यात फ्लेक्सच्या दुकानातला तो शाईचा उग्र वास... माझं डोकं आधीच तापलं होतं. मी त्यालाच हिंदीतून धरलं. झेंडा डावीकडे हवा, अक्षरं केशरी हवीत, सकाळी तयार देतो म्हणालात आणि आता दुपार झाली, चाललंय काय? तो मान खाली घालून ऐकत होता. अधूनमधून नुसतं "जी, जी" म्हणत होता.

तेवढ्यात आतून खरा दुकानदार हात पुसत बाहेर आला.

"मग... तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मीही गिऱ्हाईकच," तो चक्क मराठीत म्हणाला. "पण आपण इतक्या मनापासून रागावत होता, मध्येच तोडावंसं वाटेना."

आपण! आमच्या कॉलनीत कोणी कुणाला 'आपण' म्हणत नाही. आम्ही कारखान्याच्या नोकरीपायी इकडे मध्य प्रदेशात आलेली माणसं. बाबा सोलापूरहून आले, मी इथेच हिंदी शाळेत शिकले आणि आता तसल्याच एका शाळेत शिकवते. असं बोलणं उरलंय ते धारकडच्या जुन्या घरांत, मराठेशाहीत पवारांच्या फौजेबरोबर येऊन तिथलेच झालेल्यांच्या घरांत.

"धारचे?"

"हो. मानाजी." नाव सांगताना तो किंचित ओशाळला.

"मानाजी?" मला हसू आवरेना. "घोडा कुठे बांधलात?"

"बाहेर. पेट्रोलवर चालतो."

मग त्याने मांडीवरचा टॉवेल उलगडला. आत एक फ्रेम होती. गणवेशातला तरुण, मिशी नुकतीच राखायला लागलेला. "हा फोटो मोठा छापून घ्यायचाय. इथे शिखा म्हणून कोणी येणार आहेत, त्यांना द्यायचाय. आमचे रघुजीकाका. कारगिलला गेले ते."

"मीच शिखा," मी म्हटलं. माझं हसणं तिथल्या तिथे विरलं.

तो आठवडा आठवला की मला अजूनही थकवा येतो. सीमेवर लढाई सुरू झाली होती. त्याआधी आपली माणसं मारली गेली होती, ती बातमी बघून मीही रडले होते, मलाही राग आला होता. पण मग टीव्हीवर नकाशे आले, बाण आले, घसे फोडून ओरडणारी माणसं आली. आमच्या घरात टीव्ही सकाळपासून जो चालू व्हायचा तो बंदच होईना. कॉलनीच्या ग्रुपवर लोक शाबासक्या देत होते, अजून हाणा म्हणत होते. आणि मला सारखं वाटायचं, ज्यांच्या घरातलं कोणी गेलंय त्यांना हे खरंच हवं असेल? सीमेपलीकडच्या कुठल्या तरी बाईला आत्ता कोणी काय सांगत असेल? याने पुढचं काही थांबणार आहे का? मला उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. एकदा जेवताना मी म्हटलं, "आई, लवकर थांबलं तर बरं होईल ना?" तर आईने पोळी वाढता वाढता हात आखडला. "हे बाहेर बोलू नकोस," एवढंच म्हणाली. त्यानंतर मी बोललेच नाही. ओठ मिटून हसायचं, मान डोलवायची. दिवसभर तेच केलं की संध्याकाळी अंग दुखायचं.

आई महिला मंडळाची अध्यक्ष. तिने ठरवलं, जवानांसाठी मोठं हळदी-कुंकू करायचं. अक्षय्य तृतीया होऊन गेली, आता वैशाखात कोण हळदी-कुंकू करतं, असं कुणीतरी विचारलं. त्यावर आई म्हणाली, "देशासाठी वेळ-काळ नसतो." प्रमुख पाहुण्या म्हणून तिने शहीद जवानाच्या पत्नीला बोलावलं. त्या म्हणजे ह्याच रघुजीकाकांच्या पत्नी, मानाजीच्या काकी, कुसुमावती. दुकानदाराने उलगडलेल्या फ्लेक्सवर त्यांचं नाव सगळ्यात मोठं छापलं होतं.

मानाजीने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"काकींना... हळदी-कुंकवाला बोलावलंय?"

त्याचा आवाज इतका हळू होता की मला एकदम घाम फुटला. विधवा बाईला हळदी-कुंकवाची पाहुणी! एवढ्या बायका, एवढ्या मीटिंगा, आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही? मी तिथूनच आईला फोन लावला.

"अगं, ती वीरपत्नी आहे," आई म्हणाली. "साधी विधवा थोडीच! आमच्या मंडळात सगळ्या मोठ्या मनाच्या आहेत."

मी फोन ठेवला. मानाजी माझ्याकडे बघत होता.

"मी त्यांना सांगू, येऊ नका म्हणून?"

"नको. काकी जातात सगळीकडे. बोलावलं की जायचं, बसायचं, शाल घ्यायची. त्यांना सवय आहे." मग टॉवेलची घडी घालत म्हणाला, "आपण पंखा घ्या पूर्ण. मी निघतोच आहे."

तो निघाला नाही. आम्ही समोरच्या गाडीवर उसाचा रस प्यायलो, तेही दोनदा.

त्यानंतर तो येत राहिला. धारहून देवास काही हाकेच्या अंतरावर नाही, त्यात तो पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला. पण कधी फोटो नीट छापला का बघायला यायचा, कधी कार्यक्रम किती वाजता हे विचारायला. फोनवर विचारता आलं नसतं का, असं मी म्हटलं की तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "नेटवर्कचा भरवसा नाही, जी. लढाईचे दिवस आहेत."

माझा जीव त्याच्यात अडकत चालला होता, हे मला कळत होतं. त्याचं हळू बोलणं, माझ्या बाजूला सावली यावी म्हणून उन्हात उभं राहणं, 'आपण'वरून 'तुम्ही'वर येतानाही लाजणं... सगळंच आवडत होतं. पण हा शहिदाच्या घरचा मुलगा. दर पंधरा ऑगस्टला धारला भाषण करतो, लोक रडतात म्हणे. मला ही लढाई नको आहे, हे त्याला कळलं तर? त्याच्या काकांच्या फोटोसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहणार? न सांगता त्याच्याशी गोड बोलत राहायचं, तर तेही खोटं. आणि सांगितलं की तो गेलाच.

एका संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव होता. भोंगा वाजला, कॉलनीतले दिवे गेले. पोरं गच्च्यांवरून टाळ्या पिटत होती. आम्ही दोघं मंडळाच्या हॉलच्या पायरीवर बसलो होतो. टेकडीवरच्या देवीचे दिवेही विझले, तेव्हा मला कसंसंच झालं.

"भीती वाटते?" त्याने विचारलं.

"तुम्हाला?"

"शहिदाच्या घरच्यांना भीती वाटत नाही... असं मी भाषणात म्हणतो."

"आणि खरं काय?"

अंधारात त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि तिथेच राहिला. मी आता सांगते, आता सांगते असं घोकत होते — पण दिवे आले. हात निघाला. "उद्या काकींना घेऊन येतो," म्हणून तो उठला.

कार्यक्रमाला हॉल खच्चून भरला होता. हळदी-कुंकवाला पुरुषांनी आत यायचं नाही, म्हणून मानाजी बाहेर दाराशी थांबला. आधी बायकांचं व्हायचं, मग पाच मिनिटं त्याचं भाषण, असं आईने ठरवलं होतं. काकी एकट्या आत आल्या. फिक्या निळ्या सुती साडीतल्या, उन्हाने दमलेल्या. त्यांना रघुजीकाकांच्या फोटोखाली, माईकच्या शेजारी खुर्ची दिली.

आई कोयरी घेऊन पहिल्या रांगेत कुंकू लावत निघाली. मी मागून अत्तरदाणी घेऊन. एकेक कपाळ होत होत आई काकींपाशी आली... आणि तिचा हात हवेतच राहिला. कुंकवाचं बोट तसंच. सगळ्या बायका बघत होत्या. मोठं मन करायची वेळ आली होती आणि कुणाचंच होईना. मग आईने पटकन ते बोट शेजारच्या तबकातल्या नारळावर टेकवलं, आणि नारळ काकींच्या ओटीत न घालता हातात दिला. टाळ्या वाजल्या.

मी समोर उभी राहिले. काकींनी मनगट पुढे केलं. "हे चालतं ना गं मला?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी गंमतच होती. मी मान हलवली आणि अत्तर लावलं.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरा. मग सगळ्यांचेच.

"लढाई थांबली!" मागून कोणी ओरडलं. "दोन्हीकडून थांबवायचं ठरलंय."

हॉलमध्ये एक नाराजीचा सूर उमटला. "आत्ताच?" "अजून तर काहीच नाही झालं!" "हे काय, अर्धवटच!" आई माईकजवळ गोंधळून उभी होती.

"थांबली?" काकींनी मला विचारलं. "खरंच?"

"हो काकी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. डोळे मिटून घेतले. "ह्यांच्या वेळी थोडी आधी थांबली असती तर..."

माझ्यात काय झालं, मला सांगता येत नाही. इतक्या दिवसांचं घट्ट धरलेलं सगळं सुटलं. मी म्हटलं, "मला तर ही लढाई हवीच नव्हती. एक दिवससुद्धा नको होती." मला वाटलं मी पुटपुटले. पण माईक माझ्या खांद्याशीच होता.

हॉलमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. आई माझ्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे पाण्याने भरले, आणि ते रागाने की लाजेने, मला कळलं नाही. मी अत्तरदाणी खुर्चीवर ठेवली आणि बाहेर पळाले.

दाराबाहेर मानाजी उभा होता. त्याच्या डोक्यावर स्पीकर टांगलेला.

"तुम्ही ऐकलंत..."

"अख्ख्या गल्लीने ऐकलं."

"मी आधी सांगणार होते. रोज सांगणार होते. तुम्ही त्या घरचे, म्हणून..." मी हाताने डोळे पुसले. "आता जायचं तर जा."

तो गेला नाही. खिशातून रुमाल काढून त्याने मला दिला.

"काका गेले तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो," तो म्हणाला. "मला त्यांचं काही आठवत नाही. आवाज नाही, वास नाही, काही नाही. पण दर वर्षी मी माईकवर सांगतो, काकांनी मला खांद्यावर बसवून झेंडा दाखवला होता. लोक रडतात. काकी मागे बसलेल्या असतात. त्या कधी रडत नाहीत. हे घडलंच नाही, हे त्यांना ठाऊक आहे ना! तरी मला त्या कधी बोलल्या नाहीत." त्याने डोक्यावरच्या स्पीकरकडे पाहिलं. "मी थकलो, शिखा. आजचं भाषणही तेच पाठ करून आलो होतो. तुमचं ऐकलं आणि... आता नाही होणार माझ्याच्याने."

आई दारात आली. "मानाजी, चला, तुमचं भाषण. निदान तुम्ही तरी सांभाळा."

"मावशी, आज राहू दे," तो हात जोडून म्हणाला. "काकी दमल्यात. घरी नेतो."

आई माझ्याकडे न बघताच आत वळली.

काकी हळूहळू पायऱ्या उतरून आल्या. माझ्यापाशी थांबल्या.

"मघाशी तूच बोललीस ना?"

मी मान खाली घातली.

"इतकी वर्षं लोक मला बोलावतात. ते कसे होते, काय म्हणायचे, शेवटचं पत्र कधी आलं, सगळं विचारतात. पण तुला ती लढाई हवी होती का गं, असं कुणी कधी विचारलं नाही."

"हवी होती, काकी?"

"मला ते हवे होते," काकी म्हणाल्या, आणि जाऊन गाडीत बसल्या.

मानाजीने मित्राकडून मागून आणलेली गाडी सुरू केली. मग बंद केली. उतरून माझ्यापाशी आला.

"एक विचारू? फोटो झाला. फ्लेक्स झाला. कार्यक्रमही झाला... आता लढाईपण संपली." त्याने कानाची पाळी ओढली. "मला तू फार आवडतेस. पण उद्या काय सांगून येऊ देवासला?"

'तू' म्हणाला. मी ऐकलं, आणि रडत होते तशीच हसले.

"काही सांगू नकोस," मी म्हटलं. "उगाच ये."