एक हात कडीवर

हे मी कुठे ऐकलेलं नाही. आमच्याच घरात घडलंय. नांदेडला, गेल्या मार्चमध्ये, आणि रात्री नाही...

भर दुपारी.

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी माझ्या सासूबाईंना विचारावं. त्या सांगणार नाहीत. पण विषय निघाला की कशा उठून आत जातात, तेवढं बघितलं तरी पुरे.

ज्या नाटकावरून हे सगळं झालं त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना ते एम.ए. मराठीला होतं, त्यांना कळेलच.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. माझे मिस्टर, रुद्रेश, रेल्वेच्या ऑफिसात आहेत. सासूबाई गौरम्मा देगलूरकडच्या. आणि आमची निला, तेव्हा वर्षाचीही नव्हती.

निला भयंकर बडबडी. दा दा दा, बू बू, दिवसभर चालू. शेजारच्या सुमनबाई म्हणायच्या, ही पोरगी वकील होते बघा, समोरच्याला बोलूच देत न्हाई.

मी बाहेरून एम.ए. करत होते. दुसरं वर्ष, नाटकाचा पेपर, त्यानंतर तोंडी परीक्षा. पण ज्यांच्या घरी लेकरू आहे त्यांना माहीत असेल, पुस्तक धरायला हात मोकळा मिळत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. गाईडमधलं उत्तर मोबाईलमध्ये मोठ्यानं वाचून ठेवायचं. मग निलाला झोळीत टाकून झोका देताना तेच लावून ऐकायचं. झोळीची दोरी हातात आणि माझाच आवाज खोलीत. पोरगी झोपायची, माझं पाठ व्हायचं.

गाईड लातूरच्या मन्मथ सरांचं. आमच्या भागातली मराठीची निम्मी पोरं त्या गाईडवर पास झाली असतील. मूळ नाटक कोण वाचतंय? मीही वाचलं नव्हतं. विकत घेऊन कपाटात ठेवलं होतं, बस.

नाटक एका विधवेचं आहे. दीर भर पंचायतीत तिला खोटी ठरवतो, तिचं रान बळकावतो, तिला घराबाहेर काढतो. शेवटच्या अंकात ती परत येते. दीर म्हातारा झालेला, वाड्यात एकटा. तो पाया पडतो, माफी मागतो. ती एक शब्द बोलत नाही. पाठमोरी दारात उभी राहते. पडदा पडतो.

परीक्षेत दरवर्षी हाच प्रश्न. नायिकेच्या अखेरच्या मौनाचा अर्थ स्पष्ट करा.

गाईडमधलं उत्तर मला आजही पाठ आहे. शेवटचं वाक्य होतं, "तिचे मौन म्हणजे क्षमा होय."

ते उत्तर मी एका दुपारी रेकॉर्ड केलं. निला मांडीवर बसून बडबडत होती, माझ्या बांगड्या ओढत होती. मग तिला झोळीत टाकलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

माझा आवाज आला. मागं निलाची दा दा दा. शेवटचं वाक्य आलं. क्षमा होय.

मग थोडी शांतता...

आणि खट्.

जुन्या दाराची लोखंडी कडी लागावी तसं.

आमच्या घराला कड्या नाहीत. सगळीकडे बोल्ट आहेत.

मला वाटलं, शेजारचा आवाज आला असेल. ते पुसलं, निलाला परत मांडीवर घेऊन वाचलं, तिला झोळीत टाकून परत लावलं. या वेळी वाक्य संपल्यावर कडी वाजली नाही. एक बाई बोलली. अगदी मोबाईलला ओठ लावून बोलावं तसं.

"न्हाई."

माझा हात दोरीवरच थांबला.

झोळी थांबली नाही.

संध्याकाळी रुद्रेशना ऐकवलं. त्यांनी कान लावून दोनदा ऐकलं आणि हसले. म्हणाले, तुझं उत्तर चुकलं असंल, मोबाईल हुशार झालेत आता. मीही हसले. पण ते पुढे म्हणाले, "यात निलाचा आवाज कुठंय? ती गप्प होती काय?"

मी परत ऐकलं.

निला त्या वेळी मांडीवर बडबडत होती. मला पक्कं आठवतंय, मी मधेच तिच्या तोंडावर हात ठेवला होता. पण रेकॉर्डिंगमध्ये...

मी होते. पंखा होता. रस्त्यावरचा ऑटो होता.

निला नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. निला पुढच्या खोलीत खेळत होती. बराच वेळ झाला, घर फार शांत वाटलं. लेकरू असलेल्या घरात शांतता झाली की आई पळत जाते. मी गेले.

निला रडत होती.

तोंड उघडं. चेहरा लाल. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. खुर्चीचा कोपरा लागून कपाळाला टेंगूळ आलेलं. जीव तोडून रडत होती पोरगी...

आणि आवाज नव्हता.

टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

सासूबाईंनी तिला उचलून घेतलं, पाठ चोळली. बंगारू, माझं सोनं, करत राहिल्या. कपाळाला विभूती लावली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले, छाती बघितली. सगळं चांगलं आहे म्हणाले, औषध लिहून दिलं, बघू म्हणाले.

आम्ही बघत राहिलो. निला हसायची, आवाज नाही. रडायची, आवाज नाही. मला रात्री झोप लागेना. हिला भूक लागली, काही चावलं, श्वास अडकला, तर मला कळणार कसं? मी तिच्या छातीवर हात ठेवूनच पडून राहायचे.

त्याच दिवसांत मी कपाटातलं नाटक काढलं. अभ्यास म्हणून नाही. ते "न्हाई" डोक्यातून जात नव्हतं. सरळ शेवटचा अंक वाचला. शेवटची रंगसूचना दोन ओळींची होती.

ती दारात पाठमोरी उभी. एक हात कडीवर.

गाईडमध्ये कडी नव्हतीच. सरांनी फक्त पाठमोरी उभी एवढंच लिहिलं होतं. पण दीर आत आहे. ती उंबऱ्यात आहे. तिचा हात बाहेरच्या कडीवर आहे. ती माफ करून निघालेली नाही. त्याला आत कोंडून निघाली आहे.

 एवढी साधी गोष्ट, आणि आजवर किती पोरांनी क्षमा लिहिली असेल.

मी रेणुकाला फोन केला. रेणुका माझी मैत्रीण, लातूरची, मन्मथ सरांच्याच कॉलेजात शिकलेली. मी फक्त एवढंच विचारलं की त्या नाटकातल्या कडीबद्दल तुमच्या वर्गात कधी बोलणं झालं होतं का.

 ती म्हणाली, कडी तुला कुणी सांगितली? कडी तर लुंबिनी मॅडम शिकवायच्या.

लुंबिनी मॅडम चाकूरच्या. तासिका तत्त्वावर होत्या, दरवर्षी नवी ऑर्डर. नाटक त्या असं शिकवायच्या की दुसऱ्या वर्गातली पोरं दारात उभी राहायची. सर मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायचे. पुढं तेच गाईड म्हणून निघालं. शब्द न् शब्द मॅडमचा, नाव सरांचं. फक्त शेवट बदलला. बाई माफ करते असं लिहिलं की तपासणारे खूश होतात, असं सर स्टाफरूममध्ये म्हणाले होते म्हणे.

"चौदा एप्रिलला जयंतीचं भाषण करायला सर त्यांनाच उभं करायचे," रेणुका म्हणाली. "पुस्तकावर नाव घालताना मात्र मॅडम आठवल्या न्हाईत."

मॅडमनी मिटिंगमध्ये विचारलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, तोंड बंद ठेवायला शिका, पुढच्या वर्षी तास मिळतील.

"मग?"

"मग बंद केलं ना मॅडमनी तोंड. पुन्हा उघडलंच न्हाई. घरच्यांशीसुद्धा. वर्षभरात तापानं गेल्या."

फोन ठेवला. बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मी रोज दुपारी, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन, मॅडमचे शब्द मोठ्यानं वाचत होते. सगळे त्यांचे. आणि शेवटी मात्र त्यांच्या तोंडी सरांचं वाक्य घालत होते.

आणि ते सुद्धा एकदा नाही, दोनदा.

मी वळले. संध्याकाळ होत आली होती, लाईट गेलेली. पुढच्या खोलीच्या दारात कुणीतरी उभं होतं. मला वाटलं, सासूबाई.

पांढरी साडी. पाठमोरी. एक हात वर, दाराच्या कडेवर.

"अत्या," मी हाक मारली.

"काय ग?" सासूबाईंचा आवाज आला...

माझ्या मागून. स्वयंपाकघरातून.

आम्ही दोघींनी बघितलं. लाईट आली तेव्हा दारात काही नव्हतं. झोळीतली निला मात्र दाराकडेच बघत होती.

त्या दिवसापासून सासूबाई त्या खोलीत एकट्या बसत नाहीत.

लेखी पेपर झाला. तो प्रश्न आलाच नाही. मग तोंडी परीक्षेची तारीख लागली, नांदेडच्याच एका कॉलेजात. बाहेरून येणारे परीक्षक कोण, ते तिथल्या बोर्डावर वाचलं.

मन्मथ सर.

निलाला घरी सोडायची माझी हिंमत नव्हती. सासूबाई तिला घेऊन व्हरांड्यात बसल्या. माझा नंबर आला. आत दुसऱ्या एक मॅडम होत्या, त्यांना फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. खोलीत सर आणि मी.

सर चांगले बोलले. मुद्दाम सांगते. लेकरू किती मोठं आहे विचारलं, संसार सांभाळून शिकताय, शाबास म्हणाले. मग पाठीमागं रेलून म्हणाले, "नायिकेच्या अखेरच्या मौनाचा अर्थ सांगा."

क्षमा म्हटलं असतं तर मी पास होते. सरांनी मार्क भरायला पेनही उचललं होतं.

माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं. हे मला स्पष्ट लिहायचंय. जे बोलले ते मी बोलले. मला फक्त व्हरांड्यातली माझी पोरगी दिसत होती, आवाजाविना रडणारी.

"ती क्षमा करत नाही, सर. तिचा हात कडीवर आहे. हा अर्थ लुंबिनी मॅडमचा आहे. सगळं गाईडच त्यांचं आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग हसले.

"कोण लुंबिनी?"

आणि दारामागून...

खट्.

सरांनी दाराकडे बघितलं. मीही. दार बंद झालं होतं. सरांनी शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं.

हाक आली नाही.

त्यांनी परत तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळे मोठे झाले. ते टेबल धरून उभे राहिले, काहीतरी ओरडत होते. जिवाच्या आकांतानं. मला त्यांची जीभ दिसत होती.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

असं रडणं मी घरी रोज बघत होते. म्हणून मला कळलं.

मी दार ओढलं. दार उघडेना. मी धडका मारल्या. आणि तेवढ्यात बाहेर, व्हरांड्यात, एक लेकरू रडायला लागलं. मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून.

निला.

दार आपोआप सैल झालं. मी पळत जाऊन तिला छातीशी घेतलं. सासूबाई नुसत्या रडत होत्या. शिपाई म्हणाला, बाहेरून कडी कुणीच लावली नव्हती, मॅडम, मी दारापाशीच होतो.

सर अजून बोलत नाहीत. हैदराबादला नेलं होतं म्हणतात. घसा चांगला आहे म्हणे.

मी पास झाले. दुसऱ्या मॅडमनी मार्क भरले.

गाईडची नवी आवृत्ती आली आहे. नाव तेच. उत्तर तेच. ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांनी ते उत्तर मोठ्यानं वाचू नये, एवढंच सांगायला हे लिहायला घेतलं होतं.

रेणुका परवा म्हणाली, मॅडमला न्याय मिळाला बघ, तुझ्यामुळं. मिळाला असेल. पण माझ्या लेकीनं त्यांचं काय केलं होतं? एवढे दिवस तिचा आवाज ज्यांनी मुठीत धरला, त्यांना मी माफ केलंय का, असं रेणुकानं विचारलं.

मी काही बोलले नाही.

निला आता चालते. परत पहिल्यासारखी बडबडते, दिवसभर. फक्त संध्याकाळी, लाईट लावायच्या आधी, मधेच गप्प होते. चालत पुढच्या खोलीच्या दाराशी जाते. माझ्याकडे पाठ करून उभी राहते. मी हाका मारते, खेळणं वाजवते. ती वळत नाही.

एक हात वर करते. टाचा उचलते.

अजून तिचा हात बोल्टपर्यंत पोचत नाही.